दोन इंजिनांच्या हलक्या विमानांतील इंधन निवडक व इंधन पंप

इंधन निवडक आणि इंधन पंप हे विमानाच्या इंधनप्रणालीतील वैमानिकाच्या हाताशी असलेले दोन भाग आहेत. कोणत्या टाकीतील इंधन कोणत्या इंजिनाला मिळावे हे निवडकाने ठरते. ते इंधन पुरेशा दाबाने इंजिनापर्यंत पोचवण्याचे काम पंप करतात. दोन इंजिनांच्या हलक्या विमानांत प्रत्येक इंजिनाची इंधनव्यवस्था स्वतंत्र ठेवलेली असते. मात्र गरज पडल्यास एका बाजूच्या टाकीतील इंधन दुसऱ्या बाजूच्या इंजिनाला देता यावे, म्हणून या दोन्ही व्यवस्था एका जोडनळीने जोडलेल्या असतात. या जोडणीस क्रॉसफीड असे म्हणतात.

एक इंजिन बंद पडले तरी दुसऱ्याच्या बळावर विमान सुखरूप उतरवता यावे, हा दोन इंजिने बसवण्यामागील मुख्य हेतू असतो. दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा परस्परांपासून अलग राहतो तोवरच हा हेतू साध्य होतो. निवडकाची चुकीची स्थिती किंवा बंद राहिलेला पंप यांमुळे टाकीत इंधन असतानाही दोन्ही इंजिने पाठोपाठ थांबू शकतात. त्यामुळे निवडक आणि पंप यांची हाताळणी हा अशा विमानांच्या प्रशिक्षणातील महत्त्वाचा विषय आहे.

इंधनसमाप्ती आणि पुरवठाखंड

इंधनाअभावी इंजिन बंद पडण्याचे दोन प्रकार मानले जातात. विमानातील वापरण्याजोगे सर्व इंधन संपणे हा पहिला प्रकार. त्यास इंधनसमाप्ती म्हणता येईल. विमानात इंधन शिल्लक असूनही ते इंजिनापर्यंत न पोचणे हा दुसरा प्रकार; त्यास पुरवठाखंड म्हणता येईल. घराच्या गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या असाव्यात, त्यांपैकी भरलेल्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद असावा आणि रिकाम्या टाकीचा उघडा असावा, म्हणजे नळ कोरडा पडतो. पुरवठाखंडाचे स्वरूप असेच आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका सुरक्षा सूचनेनुसार, २०११ ते २०१५ या काळात त्या देशातील सर्वसाधारण विमानवाहतुकीत इंधन व्यवस्थापनाशी निगडित अपघात दरवर्षी सरासरी ५० हून अधिक झाले. त्यांपैकी ५६ टक्के अपघात इंधनसमाप्तीमुळे, तर ३५ टक्के पुरवठाखंडामुळे घडले. ९५ टक्के घटनांत मानवी चुकीचा वाटा होता. यंत्रसामग्रीतील बिघाडाचा वाटा केवळ ५ टक्के होता. ही आकडेवारी एका आणि दोन इंजिनांच्या विमानांची एकत्रित आहे.

इंधनप्रणालीची रचना

हलक्या विमानांत इंधनाच्या टाक्या साधारणतः पंखांत, पंखांच्या टोकांवर किंवा इंजिनामागील आवरणात असतात. या आवरणास नासेल म्हणतात. टाकीतून निघालेले इंधन गाळणी, निवडक झडप, विद्युत पंप आणि इंजिनचलित पंप यांतून जाऊन कार्ब्युरेटरला किंवा इंधन अंतःक्षेपण यंत्रणेला मिळते. या घटकांचा क्रम विमानागणिक थोडाफार बदलतो. इंधन बाहेर पडते तसतशी त्याची जागा हवेने घ्यावी यासाठी टाकीला श्वासनलिका असते. ती बुजल्यास टाकीत निर्वात तयार होऊन पुरवठा मंदावतो. टाकीच्या तळाशी साचलेले पाणी व गाळ काढण्यासाठी निचरा झडपा असतात.

टाकीतील सगळेच इंधन वापरता येत नाही. तळाशी उरणारे थोडे इंधन उड्डाणाच्या सर्व स्थितींत नळीपर्यंत पोचेल याची खात्री नसते. ते अनुपयोगी इंधन म्हणून गणले जाते. इंधनमापकावरील शून्य हे या अनुपयोगी इंधनाच्या पातळीवर असावे, असा प्रमाणीकरणाचा नियम आहे.

वर पंख असलेल्या एका इंजिनाच्या काही लहान विमानांत इंधन केवळ गुरुत्वाकर्षणाने इंजिनापर्यंत उतरते. खाली पंख असलेल्या विमानांत टाक्या इंजिनाच्या पातळीला किंवा तिच्याही खाली असल्यामुळे पंप अपरिहार्य ठरतो. दोन इंजिनांची बहुतेक पिस्टन विमाने या दुसऱ्या गटात मोडतात.

अमेरिकी नागरी विमान नियमावलीच्या भाग २३ मध्ये हलक्या विमानांच्या प्रमाणीकरणाचे निकष दिलेले आहेत. २०१७ मध्ये या भागाची पुनर्रचना झाली. तत्पूर्वीच्या नियमानुसार, अनेक इंजिनांच्या विमानाची इंधनप्रणाली किमान एका मांडणीत अशी असावी लागे, की टाकी वगळता अन्य कोणताही एक घटक निकामी झाल्यास एकापेक्षा अधिक इंजिनांची शक्ती जाणार नाही. सध्या वापरात असलेली बहुतेक पिस्टन विमाने याच जुन्या नियमांखाली प्रमाणित झालेली आहेत. येथे ‘किमान एका मांडणीत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. डावे इंजिन डाव्या टाकीवर आणि उजवे इंजिन उजव्या टाकीवर चालत असताना ही अट पूर्ण होते. क्रॉसफीड चालू करताच दोन्ही इंजिने एकाच टाकीवर येऊ शकतात, आणि मग विमानात इंजिने दोन असली तरी इंधनाचा आधार एकच उरतो.

इंधन निवडक

निवडक ही हाताने फिरवायची झडप असते. प्रत्येक इंजिनासाठी एक, असे दोन निवडक दोन आसनांच्या मध्ये जमिनीलगत किंवा मधल्या चौथऱ्यावर बसवलेले असतात. साध्या मांडणीत प्रत्येक निवडकाला तीन स्थिती असतात : ऑन, ऑफ आणि क्रॉसफीड. ऑन स्थितीत इंजिनाला स्वतःच्या बाजूची टाकी मिळते, ऑफ स्थितीत पुरवठा पूर्ण थांबतो आणि क्रॉसफीड स्थितीत विरुद्ध बाजूच्या टाकीतील इंधन मिळते. मुख्य टाक्यांखेरीज सहायक टाक्या असलेल्या विमानांत स्थितींची संख्या वाढते.

निवडकाच्या मुठीबद्दलही नियम आहेत. मूठ दर्शक काट्याच्या आकाराची असावी, तिचे टोक निवडलेल्या स्थितीकडे रोखलेले असावे आणि ऑफ स्थिती लाल रंगाने दाखवलेली असावी, असे जुन्या भाग २३ मध्ये नमूद होते. एका टाकीवरून दुसरीवर जाताना वाटेत ऑफ स्थिती लागू नये आणि निवडक ऑफ करण्यासाठी स्वतंत्र, जाणीवपूर्वक कृती करावी लागावी, अशीही अट होती. अनेक विमानांत यासाठी बटण दाबून किंवा मूठ उचलूनच निवडक ऑफकडे नेता येतो.

प्रत्येक स्थितीत झडप खाचेत बसल्याची जाणीव हाताला होते. मूठ दोन स्थितींच्या मधे राहिल्यास पुरवठा अपुरा होतो किंवा थांबतो. म्हणून निवडक फिरवताना त्याकडे पाहणे, खाच बसल्याचे हाताने जाणणे आणि त्यानंतर इंधनदाब व इंधनप्रवाह यांचे मापक तपासणे, अशी तिहेरी खात्री करण्याची पद्धत शिकवली जाते. जुन्या विमानांत झडप घट्ट होते. अशा वेळी जोर लावून फिरवण्याऐवजी ती दुरुस्त करून घेणे आवश्यक असते.

निवडकाची जागा किती महत्त्वाची असते, हे अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर यांच्या अपघाती मृत्यूने दाखवून दिले. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील माँटरे उपसागरात त्यांचे लाँग-ईझी हे एका इंजिनाचे, हौशी बांधणीचे विमान कोसळले. त्या विमानातील निवडक मूळ आराखड्यातील जागी न बसवता वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवलेला होता. तो फिरवण्याच्या प्रयत्नात वैमानिकाचे लक्ष विचलित होऊन विमानावरील ताबा सुटला, असा निष्कर्ष तपासात निघाला.

मोठ्या प्रवासी जेट विमानांतील इंधन नियंत्रण स्विच हा वेगळा भाग आहे. तो इंजिनाचा इंधनपुरवठा सुरू किंवा बंद करतो. टाकीची निवड करत नाही.

क्रॉसफीड

क्रॉसफीडचा मुख्य उपयोग एक इंजिन बंद पडल्यावर होतो. दोन्ही इंजिने चालू असताना दोन्ही टाक्या सारख्या गतीने रिकाम्या होतात. एक इंजिन थांबल्यावर त्याच्या बाजूच्या टाकीतील इंधन तसेच राहते आणि चालू इंजिनाच्या बाजूची टाकी हलकी होत जाते. सुमारे १८० अश्वशक्तीचे एक इंजिन समतल उड्डाणात ताशी साधारण ३५ ते ४० लिटर इंधन घेते. विमानाच्या पेट्रोलचे वजन लिटरला सुमारे ०.७२ किलोग्रॅम असते. म्हणजे तासाभरात दोन बाजूंच्या वजनांत २५ ते २९ किलोग्रॅमचा फरक पडतो. एक इंजिन बंद असताना विमान आधीच त्या बाजूला वळू व कलू पाहते. त्यात तीच बाजू जड झाली, तर वैमानिकाचे काम अधिक अवघड होते. क्रॉसफीडमुळे हा असमतोल कमी करता येतो आणि बंद इंजिनाकडचे इंधनही वापरता आल्याने विमानाचा पल्ला वाढतो.

समजा, डावे इंजिन बंद पडले आहे आणि उजव्या इंजिनाला डाव्या टाकीतील इंधन द्यायचे आहे. पायपरच्या तीन स्थितींच्या मांडणीत त्यासाठी उजवा निवडक क्रॉसफीडवर ठेवतात आणि डावा ऑफ करतात. निवडकांची नावे टाकीवरून नसून इंजिनावरून पडलेली असतात, ही गोष्ट नवशिक्यांना गोंधळात टाकते. डाव्या टाकीतील इंधन हवे असले, तरी फिरवायचा असतो तो उजव्या इंजिनाचा निवडक.

क्रॉसफीडच्या वापराला मर्यादा आहेत. पायपर सेमिनोलसारख्या विमानांत तो केवळ समतल उड्डाणात वापरण्यास परवानगी आहे. उड्डाण घेताना व उतरताना प्रत्येक इंजिन स्वतःच्या बाजूच्या टाकीवर असावे लागते. जास्त शक्तीच्या वेळी इंधनाचा मार्ग शक्य तितका आखूड आणि साधा असावा, हा त्यामागील विचार आहे.

इंधनगळतीची शंका असल्यास क्रॉसफीड सुरू करू नये, हा आणखी एक नियम आहे. २४ ऑगस्ट २००१ रोजी टोरांटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या उड्डाण क्रमांक २३६ ची घटना त्यासाठी नेहमी सांगितली जाते. हे विमान हलके नव्हते. ते दोन इंजिनांचे मोठे प्रवासी एअरबस ए-३३० होते. अटलांटिक महासागरावर असताना त्याच्या उजव्या इंजिनाची इंधननळी फुटली. दोन बाजूंच्या इंधनात फरक दिसल्याने तो भरून काढण्यासाठी क्रॉसफीड उघडण्यात आला आणि चांगल्या बाजूचे इंधनही गळतीच्या वाटेने जाऊ लागले. अखेर दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन अझोर्स बेटांवरील लाजेस विमानतळावर उतरवले आणि विमानातील सर्व ३०६ जण वाचले. असमतोल दिसल्यावर त्याचे कारण आधी शोधावे, मगच इंधन वळवावे, हा या घटनेचा धडा हलक्या विमानांनाही तितकाच लागू पडतो.

इंधन पंप

इंजिनचलित पंप

प्रत्येक इंजिनावर त्याच इंजिनाच्या गतीने चालणारा एक मुख्य पंप असतो. कार्ब्युरेटरच्या इंजिनावर तो बहुधा पडद्याचा असतो आणि कमी दाब निर्माण करतो. लायकॉमिंग ओ-३६० या प्रचलित इंजिनासाठी इंधनदाब दर चौरस इंचाला ०.५ ते ८ पौंड इतका असावा लागतो. इंधन अंतःक्षेपण असलेल्या इंजिनांना याहून अधिक दाब लागतो. इंजिन फिरत असेतोवर हा पंप आपोआप चालतो. वैमानिकाला त्यासाठी काहीही करावे लागत नाही.

विद्युत पंप

दुसरा पंप विजेवर चालतो आणि त्याचा स्विच वैमानिकासमोरील फलकावर असतो. त्याला सहायक किंवा बूस्ट पंप असेही म्हणतात. इंजिन सुरू करण्यापूर्वी नळीत दाब निर्माण करणे, इंजिनचलित पंप निकामी झाल्यास त्याची जागा घेणे आणि नळीतील वाफेचे बुडबुडे दाबून टाकणे, ही त्याची तीन कामे होत.

कार्ब्युरेटरच्या इंजिनात विद्युत पंप मुख्य पंपाबरोबर चालू ठेवल्याने काहीही बिघडत नाही. त्यामुळे उड्डाण घेताना, उतरताना आणि टाकी बदलताना तो खबरदारी म्हणून चालू ठेवतात. कॉन्टिनेंटल बनावटीच्या इंधन अंतःक्षेपण यंत्रणेत मात्र हाच नियम लावणे धोक्याचे ठरते. या यंत्रणेत इंजिनाला मिळणारे इंधन मुख्य पंपाच्या दाबावर अवलंबून असते. अशा विमानांच्या विद्युत पंपाला पुष्कळदा लो आणि हाय अशा दोन पातळ्या असतात. लो पातळी वाफ दाबण्यासाठी असते, तर हाय पातळी मुख्य पंप निकामी झाल्यावर वापरायची असते. मुख्य पंप ठीक असताना हाय पातळी चालू केली, तर दोन्ही पंपांचा दाब एकत्र येऊन इंजिनाला नको इतके इंधन मिळते, मिश्रण अतिसमृद्ध होते आणि इंजिन बंद पडू शकते. इंजिन धडपडू लागताच घाईने दोन्ही पंप हायवर टाकल्यास, बिघडलेले इंजिन सुधारण्याऐवजी चांगले इंजिनही थांबण्याचा धोका असतो. एका विमानात सुरक्षित असलेली सवय दुसऱ्या विमानात घातक ठरते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

बाष्परोध

तापलेल्या नळीत इंधनाची वाफ होते. वाफेचे बुडबुडे पंपात शिरले म्हणजे पंपाची पकड सुटते आणि पुरवठा अडतो. यालाच बाष्परोध म्हणतात. उंचावर हवेचा दाब कमी असल्याने आणि उन्हाळ्यात इंधन मुळातच तापलेले असल्याने याची शक्यता वाढते. नुकतेच बंद केलेले इंजिन थोड्या वेळाने पुन्हा सुरू करताना आवरणातील उष्णता नळ्यांत साठलेली असते. विदर्भासारख्या प्रदेशात, जेथे उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्याही पुढे जाते, तेथे पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनांबाबत ही अडचण विशेषत्वाने लक्षात घ्यावी लागते.

काही विमानांतील मांडणी

पायपर पीए-४४ सेमिनोल : या प्रशिक्षण विमानात प्रत्येक नासेलमध्ये ५५ अमेरिकी गॅलनची, म्हणजे सुमारे २०८ लिटरची एक टाकी असते. त्यांपैकी प्रत्येकी ५४ गॅलन इंधन वापरता येते. प्रत्येक इंजिनाला एक टाकी आणि ऑन, ऑफ व क्रॉसफीड अशा तीन स्थिती, ही मांडणी समजण्यास सोपी असल्याने विद्यार्थ्यांसाठी सोयीची ठरते.

सेसना ३१० : १९५३ मध्ये प्रथम उडालेल्या या विमानाची इंधनप्रणाली गुंतागुंतीची म्हणून ओळखली जाते. त्याच्या मुख्य टाक्या पंखांच्या टोकांवर असतात आणि सहायक टाक्या पंखांच्या आत असतात. इंजिनचलित पंप गरजेपेक्षा अधिक इंधन ओढतो आणि उरलेले इंधन वाफेसह त्याच बाजूच्या मुख्य टाकीत परत जाते. मग ते कोणत्याही टाकीतून आलेले असो. मुख्य टाकी भरलेली असताना सहायक टाकी निवडल्यास परतणाऱ्या इंधनाला जागा मिळत नाही आणि ते श्वासनलिकेतून बाहेर सांडते. म्हणून सहायक टाक्यांच्या आकारानुसार आधी ६० किंवा ९० मिनिटे मुख्य टाक्यांवर उडावे, अशी सूचना असते. सहायक टाकीतील काही भाग मुख्य टाकीत जात असल्यामुळे, केवळ इंजिनाच्या खपावरून मांडलेल्या हिशेबापेक्षा ती लवकर रिकामी होते.

या विमानात मुख्य टाक्या विरुद्ध बाजूच्या इंजिनालाही जोडता येतात. सहायक टाक्या येत नाहीत. त्यामुळे डावे इंजिन बंद पडल्यास डाव्या सहायक टाकीतील इंधन निरुपयोगी होते. अशा प्रसंगी मापकांवरील सर्व आकड्यांची बेरीज करून पल्ला ठरवणारा वैमानिक फसतो. हाताशी असलेले इंधन बेरजेपेक्षा कमी असते.

डायमंड डीए-४२ : २००२ मध्ये प्रथम उडालेल्या या ऑस्ट्रियन विमानाची प्रचलित रूपे डिझेल तत्त्वाच्या इंजिनांवर चालतात आणि त्यांत पेट्रोलऐवजी जेट ए-१ हे इंधन भरतात. निवडकाच्या स्थिती येथेही ऑन, क्रॉसफीड व ऑफ अशाच आहेत. नासेलमधील सहायक टाक्या थेट इंजिनाला जोडलेल्या नसतात. त्यांतील इंधन विद्युत पंपाने मुख्य टाकीत वळवावे लागते. पंप निकामी झाल्यास ते इंधन विमानात असून नसल्यासारखे होते. लांबच्या प्रवासात मुख्य टाकी रिकामी होईपर्यंत थांबण्यापेक्षा इंधन वेळीच वळवून घेणे हिताचे ठरते, कारण पंप बिघडल्याचे तेव्हाच कळते आणि जवळच्या विमानतळाकडे वळण्यास अवधी राहतो.

उड्डाणाच्या टप्प्यांनुसार हाताळणी

पुढील क्रम सर्वसाधारण स्वरूपाचा आहे. प्रत्येक विमानाच्या हस्तपुस्तिकेतील सूचनाच अंतिम असतात.

उड्डाणापूर्वी टाक्यांची झाकणे उघडून इंधनाची पातळी डोळ्यांनी व मोजपट्टीने पाहतात, कारण मापकांवर पूर्ण विसंबता येत नाही. तळातील इंधन थोडे काढून पाणी, गाळ व रंग तपासतात. शंभर ऑक्टेनचे कमी शिशाचे पेट्रोल निळसर असते. क्रॉसफीडच्या नळीतील निचराही काही विमानांत स्वतंत्रपणे काढावा लागतो.

जमिनीवर इंजिने सुरू झाल्यावर प्रत्येक निवडक आळीपाळीने क्रॉसफीडवर नेऊन इंजिन व्यवस्थित चालते की नाही हे पाहतात आणि पुन्हा ऑनवर आणतात. त्यानंतरची इंजिनांची पूर्ण तपासणी ज्या टाक्यांवर उड्डाण घ्यायचे त्यांवरच करतात. धावपट्टीवर शिरताना टाकी बदलणे कटाक्षाने टाळतात. निवडक चुकीच्या स्थितीत असला तरी नळीत व कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या इंधनावर इंजिन काही काळ चालते. तो काळ विमान जमिनीवरून उचलले जाण्याइतका असू शकतो. मग इंजिन थांबते ते पुरेशी उंची नसताना.

उड्डाणानंतर सुरक्षित उंची गाठल्यावर विद्युत पंप एकेक करून, मधे दाब पाहत बंद करतात. एखाद्या इंजिनाचा मुख्य पंप आधीच निकामी झाला असेल, तर ती गोष्ट विद्युत पंप बंद करताच उघडकीस येते. दोन्ही पंप एकदम बंद केल्यास कोणत्या कृतीचा कोणता परिणाम झाला हे कळणे कठीण जाते.

समतल उड्डाणात टाकी बदलताना हाच नियम पाळतात : आधी एका इंजिनाची टाकी बदलायची, ते सुरळीत चालल्याची खात्री करायची, मगच दुसऱ्याकडे वळायचे. टाकी बदलल्याची वेळ कागदावर लिहून ठेवण्याची पद्धत आहे. ताशी खप ठाऊक असल्याने घड्याळ आणि मापक यांचा मेळ बसतो का हे त्यावरून पाहता येते. मेळ बसत नसल्यास गळती, चुकीची निवड किंवा मापकातील दोष यांचा विचार करावा लागतो. उतरण्यापूर्वी दोन्ही निवडक पुन्हा मुख्य टाक्यांवर आणतात आणि हस्तपुस्तिकेत सांगितले असल्यास पंप चालू करतात.

इंजिन बंद पडल्यास

दोन इंजिनांच्या विमानात एक इंजिन बंद पडल्यावर पहिले काम विमान ताब्यात ठेवण्याचे असते. ठराविक किमान वेगाखाली चालू इंजिनाचा असमान जोर सुकाणूला आवरता येत नाही आणि विमान उलटू शकते. वेग व दिशा सावरल्यानंतर दोन्ही इंजिनांची शक्ती पूर्ण वाढवून कोणते इंजिन बंद पडले ते ओळखतात. ज्या पायावर जोर द्यावा लागत नाही त्या बाजूचे इंजिन बंद, ही त्याची खूण शिकवली जाते. त्या इंजिनाचा शक्तिदांडा हळूच मागे घेऊन ओळख बरोबर असल्याची खात्री करतात.

पुढील कृती उंचीवर अवलंबून असते. पुरेशी उंची असल्यास इंजिन का थांबले याचा शोध घेतात. निवडकाची स्थिती, टाकीतील इंधन, इंधनदाब, पंप, मिश्रण आणि प्रज्वलन या बाबी तपासतात. पुरवठाखंडामुळे थांबलेले इंजिन टाकी बदलल्यावर पुन्हा चालू होऊ शकते. उंची कमी असल्यास शोधात वेळ न घालवता प्रॉपेलरची पाती वाऱ्याला समांतर करून त्याचा अडथळा कमी करतात. या कृतीला फेदर करणे म्हणतात. त्यानंतर बंद इंजिनाचा निवडक ऑफ करतात. इंजिनाला आग लागली असल्यास मात्र निवडक ऑफ करणे हे सुरुवातीच्याच कृतींपैकी एक असते.

या क्रमातील सर्वांत धोकादायक चूक म्हणजे चालू इंजिनाचा निवडक ऑफ करणे. दोन्ही मुठी शेजारीशेजारी आणि सारख्याच आकाराच्या असल्याने घाईत असे होऊ शकते. म्हणून निवडकावर हात ठेवून तो कोणत्या इंजिनाचा आहे हे मोठ्याने उच्चारण्याची आणि शेजारी दुसरा वैमानिक असल्यास त्याची संमती मिळाल्यावरच तो फिरवण्याची शिस्त लावली जाते.

ग्लासगो येथील अपघात

पंपाच्या स्विचवर किती काही अवलंबून असते, याचे दुःखद उदाहरण स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे घडले. २९ नोव्हेंबर २०१३ रोजी रात्री पोलिसांच्या सेवेतील युरोकॉप्टर ईसी-१३५ हे दोन इंजिनांचे हलके हेलिकॉप्टर क्लुथा या मद्यगृहाच्या छतावर कोसळले. हेलिकॉप्टरमधील तिघे आणि मद्यगृहातील सात जण मृत्युमुखी पडले.

या हेलिकॉप्टरच्या इंजिनांना मुख्य टाकीतून थेट इंधन मिळत नाही. मुख्य टाकीतील दोन हस्तांतरण पंप ते दोन लहान पुरवठा टाक्यांत पाठवतात आणि तेथून ते इंजिनांना मिळते. अपघातानंतर मुख्य टाकीत इंधन शिल्लक असल्याचे आढळले. परंतु दोन्ही हस्तांतरण पंपांचे स्विच बंद होते. पुरवठा टाक्या रिकाम्या झाल्यावर आधी एक आणि लगेच दुसरे इंजिन थांबले. इंजिन सुरू करताना वापरायच्या प्राथमिक पंपांचे स्विच मात्र चालू स्थितीत होते. इंधन कमी झाल्याचे इशारे उड्डाणात मिळाले होते. ब्रिटनच्या विमान अपघात अन्वेषण शाखेने २०१५ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. स्विच त्या स्थितीत का राहिले, याचे निश्चित कारण त्यात देता आले नाही. दोन इंजिने, दोन पुरवठा टाक्या आणि दोन हस्तांतरण पंप असूनही दोन स्विचांच्या स्थितीने ही सर्व दुहेरी व्यवस्था निष्फळ ठरली.

प्रशिक्षण

विमान कंपन्यांत जाऊ इच्छिणारे बहुतेक भारतीय विद्यार्थी व्यावसायिक परवान्याबरोबर दोन इंजिनांच्या विमानाचे प्रशिक्षण घेतात. महाराष्ट्रात गोंदियाजवळील बिरसी विमानतळावरील प्रशिक्षण संस्थेत त्यासाठी डायमंड डीए-४२ विमाने वापरली गेली आहेत.

प्रशिक्षणात इंजिन बंद पडण्याचा सराव दोन प्रकारे करून घेतला जातो. जमिनीजवळ केवळ शक्तिदांडा मागे घेऊन बिघाडाचा आभास निर्माण करतात. सुरक्षित उंचीवर मात्र शिक्षक मिश्रण किंवा इंधन निवडक बंद करून इंजिन प्रत्यक्ष थांबवू शकतात. निवडक बंद केल्यावर इंजिन ताबडतोब थांबत नाही; नळीतील इंधन संपेपर्यंत ते नेहमीसारखे चालते. कारण आणि परिणाम यांच्यामधील हा विलंब विद्यार्थ्याने स्वतः अनुभवणे उपयुक्त मानले जाते.

नव्या प्रकारच्या विमानाकडे वळणाऱ्या अनुभवी वैमानिकांसाठीही इंधनप्रणालीचा आराखडा स्मरणाने कागदावर काढण्याचा अभ्यास सुचवला जातो. प्रत्येक निवडकाच्या प्रत्येक स्थितीत इंधन कोठून निघते, कोणत्या पंपातून जाते, उरलेले कोणत्या टाकीत परतते आणि एक इंजिन बंद पडल्यास कोणते इंधन वापराबाहेर जाते, या चार प्रश्नांची उत्तरे त्या आराखड्यावरून देता आली, तर त्या विमानाची इंधनप्रणाली समजली असे मानता येते.